ओंबीत वारसा किती, माती किती?

स्वारगेटच्या चौकातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पायी जाता येतं. उन्हाळा लागला की तिथल्या भुसार बाजारात नवा गहू येतो आणि वर्षाचं धान्य एकदम भरणारी पुण्यातली घरं (अजून जी उरली आहेत ती) नमुने बघत फिरू लागतात. लोकवन, सिहोर, खपली, बन्सी. गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेतं, फुंकर मारतं, एखादा दाणा दाताखाली फोडून बघतं आणि टपोरा, एकसारखा गहू पसंत करतं. पोळीसाठी ही परीक्षा ठीकच आहे. पण समजा, या ढिगातले सगळ्यांत टपोरे दाणे निवडून कुणी पेरले, तर पुढच्या वर्षी टपोरे दाणे येतील का?

बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असतं. बापाचं नाक मुलाला येतं, तसा दाण्याचा आकारही पुढे जाणारच. शेतकऱ्याच्या मनातही हे पक्कं असतं. बांधाजवळ एखादं झाड फुटव्यांनी गच्च भरलेलं दिसतं, ओंब्या वीतभर लांब, दाणे ठासून भरलेले; त्याचं बियाणं वेगळं काढून ठेवलं जातं. पुढच्या हंगामात ते पेरलं की पीक येतं शेजारच्यासारखंच. तिसऱ्या वर्षीही तेच. दुसरीकडे हेही खरं, की माणसानं सुमारे दहा हजार वर्षं चांगल्या ओंब्या निवडून निवडूनच रानटी गवताचा गहू केला. म्हणजे निवड कधी फळते आणि कधी अजिबात फळत नाही. कधी फळेल हे आधी सांगता येतं का, यावर गहू पैदासकाराचा सगळा धंदा उभा आहे.

प्रश्न नीट विचारू या

एका झाडानं तीस ग्रॅम दाणा दिला, शेजारच्यानं वीस. ‘या तीस ग्रॅमपैकी जनुकांमुळे किती आणि मातीमुळे किती?’ असं विचारलं तर उत्तरच नाही. जनुकांशिवाय झाड नाही आणि मातीपाण्याशिवायही झाड नाही. तीसच्या तीस ग्रॅम दोघांचे मिळून आहेत. विचारायला हवं ते असं: या दोन झाडांत जो *फरक* पडला, तो कशामुळे?

सगळ्या शेताला हाच प्रश्न विचारला की हेरिटेबिलिटी नावाची संख्या मिळते. झाडाझाडांत दिसणाऱ्या एकूण फरकापैकी किती हिस्सा त्यांच्या जनुकांमधल्या फरकामुळे आहे, ते ही संख्या सांगते. पाठ्यपुस्तकं तिला आनुवंशिकतेचं प्रमाण म्हणतील. आपण इथे ‘वारशाचा वाटा’ म्हणू. तो शून्य ते शंभर टक्क्यांच्या दरम्यान असतो. अमेरिकेतल्या आयोवामध्ये जे लश या पशुपैदासशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात ही कल्पना गुराढोरांच्या पैदाशीत रुजवली. पिकांच्या अभ्यासकांनी ती उचलली, आणि आज गव्हावरचा क्वचितच एखादा शोधनिबंध तिच्याशिवाय पुरा होतो.

या व्याख्येतली एक गोष्ट वाचताना निसटते. वारशाचा वाटा हा झाडाचा गुण नाही, जनुकाचाही नाही. तो त्या विशिष्ट शेताचा, त्या हंगामाचा आणि त्या शेतात पेरलेल्या झाडांच्या समूहाचा गुण आहे. शेत बदललं, समूह बदलला की संख्या बदलते.

जिथे वाटा शून्य असतो

योहानसन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०३ साली घेवड्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बाजारातल्या मिसळलेल्या बियांपासून सुरुवात करून त्यानं एकोणीस वेगवेगळी घराणी केली, प्रत्येक घराणं एकेका बीपासून वाढवलेलं. घराण्याघराण्यांत फरक मोठा होता: सर्वांत जड घराण्याच्या बीचं सरासरी वजन सुमारे ६४० मिलिग्रॅम, तर सर्वांत हलक्याचं सुमारे ३५०. मग एकाच घराण्यातल्या मोठ्या आणि लहान बिया त्यानं वेगळ्या पेरल्या. पिढ्यान् पिढ्या हेच केलं. काहीही झालं नाही. मोठ्या बीची संतती आणि लहान बीची संतती, दोघींची सरासरी एकच. याच योहानसननं पुढे १९०९ साली ‘जीन’ हा शब्द दिला.

घेवड्याप्रमाणे गहूही स्वतःच्याच परागानं फळतो. फूल उघडण्याआधीच बहुतेक काम उरकलेलं असतं. परक्या परागानं धरलेला दाणा शंभरात एखादा मिळाला तर मिळाला. त्यामुळे आजचा कुठलाही सुधारित वाण म्हणजे योहानसनचं एक घराणंच. लोकवन म्हणजे गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला लोक-१. पुण्यात आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६२२२ घ्या. शुद्ध बियाण्याच्या शेतात यातल्या कुठल्याही वाणाची लाखो झाडं जवळजवळ एकाच जनुकसंचाची. तिथे झाडाझाडांत फरक भरपूर दिसतो, पण त्यातला वारशाचा वाटा शून्याजवळ असतो.

बांधावरच्या त्या गच्च झाडाचं रहस्य इथे उलगडतं. शेजारची दोन रोपं मेली म्हणून त्याला जागा मिळाली असेल, किंवा शेणखताचा ढीग तिथे पडला असेल. बियाणं धरलं त्या झाडाचं, पण निवडला गेला तो खताचा ढीग. आणि ढीग काही बियाण्यातून पुढे जात नाही. एकाच ओंबीतसुद्धा मधले दाणे टपोरे आणि शेंड्याकडचे बारीक असतात, जनुकं मात्र तीच.

तरीही टपोरं बी चाळून घ्यावंच. त्यात साठा जास्त असतो, उगवण जोमदार होते. फक्त तो फायदा त्या हंगामापुरता आहे, पुढच्या पिढीचा नाही.

मग दहा हजार वर्षं निवड कशी फळली? कारण जुन्या गावरान शेतात एक वाण नव्हताच. शेकडो घराणी एकत्र नांदत होती, त्यांच्या जनुकांत फरक होता, आणि निवडीला पकडायला काहीतरी होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिहारमधल्या पुसा इथे अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्यानं देशी गव्हाच्या अशाच मिश्रणातून पुसा-४, पुसा-१२ हे वाण काढले. पण मिश्रणातून जे उत्तम ते एकदा काढून घेतलं, की तो झरा आटतो. मग दोन वाणांचा संकर करून नवा फरक मुद्दाम निर्माण करावा लागतो: न उमललेल्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या वाणाचे पराग आणून घालायचे.

तीन संख्यांचा गुणाकार

संकर झाला, फरक निर्माण झाला. आता त्यातून जास्त उत्पादन देणारी झाडं निवडायची. सगळ्यांना हवं असतं ते उत्पादन, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

उत्पादन हा एक गुण नाहीच. एका चौरस मीटरमध्ये किती ओंब्या, एका ओंबीत किती दाणे आणि एका दाण्याचं वजन किती, या तीन संख्यांचा तो गुणाकार. चौरस मीटरला ३०० ओंब्या, ओंबीला ४० दाणे आणि हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं, तर ४८० ग्रॅम होतात. म्हणजे हेक्टरी ४८ क्विंटल, एकरी साधारण साडेएकोणीस.

या तीन संख्या झाडाच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेळी ठरतात. आधी फुटवे. मुकुटमुळं फुटण्याच्या सुमाराचं, तिसऱ्या आठवड्यातलं पाणी चुकलं, पेरणी दाट किंवा विरळ झाली, नत्र कमी पडलं, की फुटव्यांची संख्या लगेच हलते. प्रत्येक झाडाला मिळालेली जागा थोडी वेगळी, म्हणून फुटव्यांमध्ये वारशाचा वाटा सहसा कमी निघतो. ओंबीतल्या दाण्यांची संख्या पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत ठरते; तिच्यातला वाटा मध्यम. दाणा भरतो शेवटी. हजार दाण्यांच्या वजनात मात्र वारशाचा वाटा चांगला मोठा येतो. अनेक चाचण्यांत तो सत्तर टक्क्यांच्या वर दिसतो. झाडाची उंची आणि ओंबी निसवायला लागणारे दिवस हे गुणही तसेच वारशाला धरून चालणारे.

आता तिन्हींचा गुणाकार झाला की तिन्ही ठिकाणच्या परिस्थितीची गडबड एकत्र येते. शिवाय झाड हिशेबी असतं. फुटवे जास्त झाले तर ओंबीत दाणे कमी धरतं; दाणे जास्त धरले तर प्रत्येक दाण्याला वाट्याला येणारा पिठूळ साठा कमी पडतो. एकीकडे मिळवलेलं दुसरीकडे सुटतं. म्हणूनच दाण्याचं वजन वाढवणं सोपं असलं, तरी तेवढ्यानं उत्पादन वाढेलच असं नाही. मोठ्या दाण्याचा पण मोजक्याच दाण्यांचा गहू गुलटेकडीत भाव खाईल, शेतकऱ्याचं पोतं भरणार नाही.

तिसरं कारण जनुकांच्या संख्येचं. स्वीडनमधल्या स्वालोफ इथे निल्सन-एले यानं १९०९च्या सुमारास दाखवलं, की गव्हाच्या दाण्याचा लाल रंगसुद्धा तीन वेगवेगळ्या जनुकांवर अवलंबून असतो. तिन्ही जनुकं वेगळी असलेल्या संकरात चौसष्ट झाडांमागे एकच पांढऱ्या दाण्याचं निघतं. रंगासारख्या साध्या गोष्टीला तीन, तर उत्पादनाला किती? आपल्या पोळीच्या गव्हाच्या जनुकसंचाचा पूर्ण आराखडा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक लाख सात हजारांहून जास्त जनुकं नोंदली आहेत. उत्पादनात त्यांतली पुष्कळशी थोडा थोडा हात घालतात. प्रत्येकाचा परिणाम इतका लहान, की वाफ्यातल्या ओलीचा फरक त्याच्यापेक्षा मोठा ठरतो.

स्वारगेट स्थानकातली उद्घोषणा

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर बारामतीच्या गाडीची उद्घोषणा ऐकण्याचा प्रयत्न केला असेल, तर उरलेलं लवकर समजेल. कर्ण्यातून येणारा आवाज खराच असतो. पण इंजिनांची घरघर, हमालांच्या हाका, चौकातले भोंगे यांत तो बुडून जातो. एकदा ऐकून फलाटाचा आकडा कळत नाही. तीच उद्घोषणा तीनदा झाली की कळतो: पहिल्यांदा भोंग्यानं खाल्लेला शब्द दुसऱ्यांदा नीट ऐकू येतो, दुसऱ्यांदा निसटलेला तिसऱ्यांदा सापडतो. आवाज तोच राहतो, गोंगाट मात्र दर वेळी वेगळा असतो. म्हणून तो एकमेकांत विरून जातो आणि आवाज उरतो.

वारशाचा वाटा म्हणजे एकूण ऐकू येणाऱ्यापैकी खरी उद्घोषणा किती, तेवढंच. उत्पादनाच्या बाबतीत एका वाफ्यात ती कमी असते. उपाय एकच, तोच वाण पुन्हा पुन्हा पेरायचा. आणि वाफे ओळीनं शेजारी शेजारी न घेता चिठ्ठ्या टाकून विखुरायचे, म्हणजे चांगल्या जमिनीचा पट्टा एकाच वाणाच्या वाट्याला येणार नाही. ही शिस्त इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतावर रोनाल्ड फिशरनं १९२०च्या दशकात घालून दिली. फरकाची वारसा आणि परिस्थिती अशी फोड करण्याचं गणितही त्यानंच १९१८ साली मांडलं होतं.

ही विद्या भारतीय शेतीच्या कॉलेजांत रुजवण्यात दोन मराठी नावं अग्रभागी आहेत. इंदूरला कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मून फर्ग्युसनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९५४ साली प्रसिद्ध केलेलं त्या दोघांचं शेतीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक ‘पानसे-सुखात्मे’ या नावानंच ओळखलं जातं. शेतीचे विद्यार्थी त्याला जरा घाबरतातही.

चौकट: चार वाफ्यांचं गणित

समजायला सोपे म्हणून आकडे काल्पनिक घेतले आहेत. फरकाच्या मापात जनुकांचा भाग १०. वाण आणि ठिकाण यांचं जमणं-न जमणं (एक वाण निफाडला खुलतो, दुसरा बारामतीला) यामुळे येणारा भाग १०. वाफ्यावाफ्यातल्या मातीचा गोंगाट ३०.

एका ठिकाणी एकच वाफा: १० भागिले ५०, म्हणजे वारशाचा वाटा २० टक्के.

एकाच ठिकाणी चार वाफे: मातीचा गोंगाट चौथाई होतो, ठिकाणाचा भाग तसाच राहतो. १० भागिले २७.५, म्हणजे सुमारे ३६ टक्के.

चार ठिकाणी प्रत्येकी एक वाफा: दोन्ही गोंगाट चौथाई होतात. १० भागिले २०, म्हणजे ५० टक्के.

खर्च चारच वाफ्यांचा, पण वारशाचा वाटा ३६ टक्के की ५०, हे ते कुठे पेरले यावर ठरलं.

होळबाहेर वाफे का हवेत

चौकटीतल्या या शेवटच्या ओळीसाठीच अखिल भारतीय समन्वित गहू सुधार प्रकल्प १९६५ पासून चालू आहे. आघारकर संस्थेचं गव्हाचं प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळला आहे. पण होळला पहिला आलेला वाण तेवढ्यावर वाण होत नाही. तो महाराष्ट्र आणि कर्नाटक ज्यात येतात त्या द्वीपकल्पीय विभागातल्या अनेक केंद्रांवर, प्रचलित वाणांच्या शेजारी, वर्षानुवर्षं पेरला जातो. राहुरी विद्यापीठाचं निफाडचं केंद्र त्यातलंच एक. दर टप्प्याला वाण गळत जातात. बाहेरून बघणाऱ्याला ही सरकारी दिरंगाई वाटते. त्यात दिरंगाई अजिबात नसते असं मी म्हणणार नाही, पण वेळेचा मोठा भाग उद्घोषणा पुन्हा पुन्हा ऐकण्यात जातो, आणि तो टाळता येत नाही.

निवडीतून किती हाती लागेल, याचा हिशेब सरळ आहे. समूहाची सरासरी हेक्टरी ४० क्विंटल आणि निवडलेल्या वाणांची ५० दिसली, तर दिसणारा फायदा दहाचा. वारशाचा वाटा २० टक्के असेल तर पुढच्या पिढीत खरा फायदा दोन क्विंटल. ५० टक्के असेल तर पाच. उरलेले आठ किंवा पाच क्विंटल मातीचे होते, ते मातीतच राहिले.

पण नुसता वाटा मोठा असून भागत नाही. समजा ओंबी निसवण्याच्या दिवसांत वारशाचा वाटा नव्वद टक्के आहे, पण हाताशी असलेल्या सगळ्या वाणांत मिळून फरकच तीन दिवसांचा आहे. मग नव्वद टक्के कशाचे? तीन दिवसांचे. वाटा आणि फरकाचा आवाका, दोन्ही एकत्र बघितले तरच निवडीतून काय मिळेल ते कळतं. आजही अनेक शोधनिबंध वाट्याचा मोठा आकडा छापून समाधान मानतात, आवाक्याकडे बघतही नाहीत.

कधी निवडायचं

पैदासकाराचं कसब यापेक्षाही एका वेळापत्रकात दिसतं. संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत प्रत्येक झाड वेगळं असतं. आईबापांत ज्या जनुकांचा फरक होता, त्यांच्या सरासरी निम्म्या जोड्या त्यात अजून मिश्र असतात, म्हणजे आईकडचं एक रूप आणि बापाकडचं दुसरं. अशा जोडीमुळे एखादं झाड उगाच जोमदार दिसतं, आणि तो जोम पुढच्या पिढीत विरतो. गहू स्वतःच फळत असल्यानं ही मिश्रता दर पिढीला निम्मी होते: ५० टक्के, २५, साडेबारा, सहा. सहाव्या पिढीला तीन टक्क्यांच्या आसपास.

शिवाय दुसऱ्या पिढीत एका झाडाचं उत्पादन म्हणजे एकच उद्घोषणा, तीही गर्दीच्या वेळची. त्यावर निवड करणं जवळजवळ डोळे मिटून चिठ्ठी उचलण्यासारखं. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांत शहाणा पैदासकार उत्पादनाकडे बघतच नाही. तो उंची बघतो, पक्व व्हायला लागणारे दिवस बघतो, तांबेरा आला की नाही ते बघतो, दाण्याची ठेवण बघतो. हे गुण एका झाडावरही खरे दिसतात. उत्पादनाचा तराजू बाहेर निघतो तो पाचव्या-सहाव्या पिढीत, जेव्हा घराणं स्थिरावलेलं असतं आणि चार ठिकाणी पेरण्याइतकं बी हाताशी असतं.

हरितक्रांतीचा गहू याच युक्तीचं सगळ्यांत मोठं उदाहरण आहे. जपानमध्ये १९३५ साली नोरिन-१० हा बुटका वाण आला. त्याचं बुटकेपण मोजक्या ठळक जनुकांत होतं, म्हणजे वारशाचा वाटा भरपूर आणि डोळ्याला लगेच दिसणारा. नॉर्मन बोरलॉगनं मेक्सिकोत ते आपल्या गव्हात आणलं. भारतानं १९६६ साली तिथून अठरा हजार टन बियाणं मागवलं. उंच देशी गव्हाला खत जास्त दिलं की तो लोळायचा. बुटका उभा राहिला, आणि काडीत जाणारं अन्न दाण्यात गेलं. सरळ निवडीला दाद न देणारं उत्पादन उंचीच्या मागच्या दारानं वाढलं.

त्या जनुकांची किंमतही होती. कोंबावरचं संरक्षक टोपण आखूड झालं, त्यामुळे ओलीच्या शोधात खोल पेरलेलं बी वर यायला धडपडतं. आघारकर संस्थेच्या संशोधकांनी बन्सी जातीच्या गव्हात आरएचटी-१४ आणि आरएचटी-१८ या दुसऱ्या दोन बुटकेपणाच्या जनुकांची जागा सहा-ए गुणसूत्रावर निश्चित केली आहे. त्यांनी झाड बुटकं होतं, पण टोपण लांब राहतं आणि रोपाचा जोम टिकतो.

आकड्यांचे गैरसमज

वारशाचा वाटा मोठा म्हणजे गुण दगडावरची रेघ, हा पहिला गैरसमज. पंजाबात गव्हाचं हेक्टरी सरासरी उत्पादन महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त आहे. दोन्हीकडे आपापल्या चाचण्यांत वारशाचा वाटा ऐंशी टक्के निघाला, तरी या दोन राज्यांतला फरक वाणांमुळे आहे असं सिद्ध होत नाही. एकाच पोत्यातलं बी लुधियानाला आणि बारामतीला पेरलं तर तिथली लांब थंडी आणि इथला आखूड हिवाळा एवढ्यानंच मोठा फरक पडेल. शेताच्या आतल्या फरकाचं माप दोन शेतांमधल्या फरकाला लावता येत नाही. तीच गत सिहोरच्या गव्हाची. तो मूळचा सी-३०६ वाण, पण मध्य प्रदेशातल्या काळ्या जमिनीवर, कमी पाण्यात आलेला. वाण उचलून आणला म्हणून ती चव सोबत येईलच, असं नाही.

दुसरा गैरसमज यशोगाथांचा. आघारकर संस्थेच्या एमएसीएस ६४७८ या ११० दिवसांत पक्व होणाऱ्या वाणाची बातमी २०२१ साली केंद्र सरकारनं दिली होती. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांना हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल मिळाले. आधी लोक-१, एचडी २१८९ यांसारख्या वाणांचे २५ ते ३० मिळत. वाण चांगला आहे, याबद्दल शंका नाही. तांबेऱ्याला तो दाद देत नाही. पण ही वाढ पूर्णपणे वाणाची का, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. नवं बियाणं घेणारा शेतकरी सहसा ताजं, शुद्ध बी घेतो, पेरणी वेळेवर करतो, सल्ल्याप्रमाणे पाणी-खत देतो. वर्षंही वेगळी असतात. वाणाचा स्वतःचा हिस्सा काढायचा तर त्याच वर्षी, त्याच शेतात, तेवढ्याच खतपाण्यावर लोक-१ शेजारी पेरावा लागतो. शेतकऱ्याला अर्थात या फोडीचं काय करायचं? त्याच्या घरी बेरीज येते. पण पुढचा वाण कोणत्या आईबापांचा करायचा, हे ठरवणाऱ्याला फोड लागते.

बियाणं घेताना मात्र शेतकऱ्यालाही या विद्येचा एक उपयोग आहे. शेजारच्या शेतातलं एका वर्षाचं पीक म्हणजे एकच वाफा. त्याच्यापेक्षा अनेक केंद्रांची, अनेक वर्षांची सरासरी खात्रीची. आणि त्या सरासरीसोबत छापलेली अट वाचायला हवी: बागायत वेळेवर पेरणी, बागायत उशिरा पेरणी की जिरायत. एमएसीएस ४०२८ हा आघारकरचाच बन्सी जातीचा वाण. १०२ दिवसांत येतो, जिरायतीसाठी शिफारस केलेला, सरासरी हेक्टरी १९.३ क्विंटल. ६४७८चे पंचेचाळीस आणि ४०२८चे एकोणीस शेजारी ठेवून दुसऱ्याला नाकारलं, तर तुलना वाणांची झालीच नाही, पाण्याची झाली. पावसाच्या उरल्यासुरल्या ओलीवर गहू घेणाऱ्यानं ४०२८ची तुलना करायची ती तशाच कोरड्या वाफ्यात, त्याच वर्षी, त्याच्या शेजारी पेरलेल्या वाणांशी.